गरम चादरी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. पण शाळेत गुरुजी वही बघायला आले की मी आधीच मान खाली घालून उभी राहायची, ती सवय राहून गेली. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायची वेळ आली ती माहेरी कार्ड टाकण्यापुरती, "आम्ही इकडे खुशाल आहोत" एवढंच.

ती वर्षं कशी गेली असं कोणी विचारलं तर मी म्हणते, गेली. खरंही तेच आहे. पण मधेमधे काही गोष्टी झाल्या, अगदी बारीक. सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणेल, यात काय? म्हणून सांगत नाही, लिहिते.

आम्ही नागपूरकडचे. लग्न झालं आणि मी ह्यांच्याबरोबर भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आले. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे न्हाणी आणि हातभर अंगण. मूलबाळ झालं नाही. समोरच्या क्वार्टरमध्ये ग्वाल्हेरचं मराठी कुटुंब होतं. भाऊजी ह्यांच्याच खात्यात कामाला, वयाने बरेच मोठे, शांत. वहिनी तोंडाने फटकळ. मी नवीन आले तेव्हा त्यांनी मला दारात उभं करून विचारलं, "तुला बोलता येतं ना गं? की नुसती मुंडी हलवतेस?" मी मान हलवली. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मी घरात पळून गेले.

कारखान्यात कामगारांची सोसायटी होती, ती कर्ज द्यायची. कर्जाला जामीनदार लागायचा, तोही कारखान्यातलाच. त्याची एक रीतच पडून गेली होती. अर्ज सायकलच्या सीटवर ठेवायचा, दुसऱ्याने सही करायची आणि मग कँटीनचा चहा प्यायचा. सही करताना रक्कम कोणी वाचत नसे. वाचली तर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा. भाऊजींनी फ्रिज घेतला तेव्हा ह्यांनी सही केली. ह्यांनी नागपूरच्या धाकट्या भावाला दुकान टाकून द्यायला मोठं कर्ज काढलं, तेव्हा भाऊजींनी सही केली.

दुकान बुडालं. ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एके दिवशी हे दुपारच्या शिफ्टला डबा घेऊन निघाले आणि परत आले नाहीत. गेटवर हजेरीच लागली नव्हती. पोलिसांत लिहून दिलं. कोणी म्हणालं इटारसी स्टेशनवर दिसले होते. ह्यांचा भाऊ म्हणाला, आमच्याकडे आले नाहीत. मग हळूहळू कोणी काही म्हणेनासं झालं.

ह्यांचा पगार थांबला तसा कर्जाचा हप्ता भाऊजींच्या पगारातून कापला जाऊ लागला. सांगायला भाऊजी स्वतः आले. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. ते मलाही वहिनीच म्हणत.

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कागद आहे, कागदाप्रमाणे होणार."

समोरच्या घरातून वहिनींचा आवाज आला, "मग आज कागदालाच जेवायला वाढा!"

मी म्हणाले, "मी फेडीन." परक्या पुरुषाशी मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. भाऊजी माझ्याकडे न बघता माझ्या दाराच्या कडीकडे बघत होते.

मला रडू आलं नाही. शेजारच्या बायका रडवायला येऊन बसत, त्यांना मी चहा करून द्यायची. साखर घातली की नाही ते आठवत नसे. त्या तोंड वाकडं करून पीत, त्यावरून कळायचं. हात भाजला तर फोड आलेला दिसायचा, भाजल्याचं आठवायचं नाही. कुंकू लावायचं की नाही यावर बायकांत बोलणी होत. मी लावत राहिले, कारण न लावायला काही ठरवावं लागलं असतं.

क्वार्टर सोडावं लागलं. एका साहेबांच्या बंगल्यामागे नोकरांसाठी एक खोली होती, आउटहाउस म्हणतात ती. सकाळी बंगल्याची भांडी आणि झाडू-पोछा करायचा, बदल्यात खोली फुकट. टाउनशिपच्या दवाखान्यात एका ठेकेदाराकडे धुलाईचं काम होतं, तिथे मला लावून दिलं ते भाऊजींनीच. वहिनी म्हणाल्या, "लावाच. नाही तर आपण कापून घेतोय आणि ती बसून खातेय." त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या घरात दूध कमी झालं होतं, मला माहीत होतं. दूधवाला दोघींचा एकच होता.

धुलाईची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला. धुवायची मोठी यंत्रं पुरुष चालवत. आम्हा बायकांकडे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. घडी एकटीने होत नाही, चादर मोठी असते. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून ताण द्यायचा, एक झटका मारायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. पुन्हा मागे. दिवसभर हेच. माझ्या जोडीला जुन्या शहरातली एक वयस्कर बाई होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायला लागले. तंबाखू खायची, आणि कोणाला काय बोलावं याचा तिला काही विचार नव्हता.

पहिल्याच आठवड्यात झटका बसला आणि माझ्या हातून टोकं सुटली. चादर फरशीवर गेली, म्हणजे पुन्हा धुवायला. खाला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरी नागपुरी, कस के पकड़! शौहर समझ के मत छोड़!"

बाकीच्या बायकांपैकी एकीने तिला डोळ्याने दटावलं. ह्यांच्याबद्दल माझ्यासमोर तोपर्यंत कोणी साधं बोललं नव्हतं, सगळे आवाज उतरवूनच बोलत. मला हसू आलं. नाकातून आलं, शिंकेसारखं. मी पदर तोंडावर धरला. खालाने चादर उचलली आणि म्हणाली, "हँसी तो आती है इसको. मैं समझी सिलाई खुल गई है अंदर की."

थंडीच्या दिवसांत, डिसेंबरात, त्या खोलीत सकाळी फरशीवर पाय ठेववत नसे. वाळवायच्या यंत्रातून पहिला ढीग बाहेर यायचा तेव्हा चादरी इतक्या गरम असत की त्यांतून वाफ निघते की काय असं वाटायचं. एकदा ढीग उचलताना माझा चेहराच त्यात गेला. मी काढला नाही. साबणाचा आणि गरम सुताचा वास. गालांना ऊब लागली आणि मला कळलं की माझे गाल इतका वेळ गार होते. एवढंच झालं. मग मी मान वर केली आणि काम सुरू केलं. पण दुसऱ्या दिवशी यंत्र थांबायच्या आधीच मी त्याच्यासमोर जाऊन उभी होते. खालाने पाहिलं आणि पुरुषांना ओरडून सांगितलं, "पहला ढेर नागपुरी का है, कोई हाथ नहीं लगाएगा."

असं आणखीही काही असायचं. ठेकेदाराचं ऑफिस महाराणा प्रताप नगरात होतं. पगारासाठी तिथे खेपा घालाव्या लागत. जाताना मिनीबसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मला उतरावंसं वाटत नसे. सीताफळाच्या दिवसांत बाजारात फुटलेली सीताफळं स्वस्तात मिळत, ती मी खोलीच्या पायरीवर बसून खायची. बिया दूर कुठवर जातात ते बघायची. हे लिहिताना लाज वाटते, पण बघायची.

पगार झाला की संध्याकाळी भाऊजींकडे जायची. पैसे रुमालात बांधलेले. वहिनी ते न मोजता तांदळाच्या डब्यावर ठेवत आणि म्हणत, "चहा घेतेस?" मी म्हणायची, "नाही जी, उशीर होते." कशाला उशीर होतोय ते त्यांनी कधी विचारलं नाही. भाऊजी वर्तमानपत्र खाली करून म्हणत, "बसा तरी." मी कधी बसले नाही. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या खुर्चीत बसून त्यांचाच चहा प्यायचा, हे मला जमत नव्हतं. खिडकीची जागा, सीताफळ, गरम चादर, हे सगळं मी त्या घरापासून लपवून ठेवलं होतं. आपण आनंदात असलेलं त्यांना दिसू नये एवढीच काळजी.

ते एकदा दिसलं. दसऱ्याला टाउनशिपच्या मैदानावर जत्रा भरायची. खालाने सुटी झाल्यावर मला ओढतच नेलं आणि आकाशपाळण्याची दोन तिकिटं काढली. मी नको नको म्हणत बसले. पाळणा वर गेला, आणि वर जाऊन थांबला, खाली कोणी तरी चढत होतं म्हणून. सगळी टाउनशिप दिसत होती. रांगेने क्वार्टरं, मधेमधे कडुलिंब, पलीकडे कारखान्याची लांब छपरं. आमचं जुनं क्वार्टर मी शोधलं, तर कुठलं ते ओळखू येईना, सगळी सारखीच. मग पाळणा एकदम खाली आला आणि मी ओरडले. पुन्हा वर, पुन्हा खाली, मी ओरडतच राहिले. पोटातून आवाज येत होता. खालाचा पान-तंबाखूचा डबा खाली पडला, ती शिव्या देत होती, मी हसत होते.

उतरले तर रांगेच्या तोंडाशी वहिनी आणि भाऊजी.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "वरून बोंबलत होतीस ती तूच होय? मजा आहे बुवा तुझी. आम्हाला तर ह्यांच्या पगाराची चिठ्ठी बघूनच गरगरतं, पाळणा कशाला हवा!"

भाऊजी म्हणाले, "अगं, चारचौघांत काय..."

मी तिकिटाचे पैसे खालाने दिले होते असं सांगणार होते, पण नुसती मान हलवली आणि निघाले.

त्यानंतर मी सगळं बंद केलं. यंत्र थांबलं की मी पाठ फिरवून उशांच्या खोळी लावत बसायची. खाला एक दिवस म्हणाली, "आज मुँह नहीं घुसाया?" मी म्हणाले, सर्दी आहे. ती म्हणाली, "सर्दी में ही तो घुसाते हैं, बेवकूफ." मग तिने पुन्हा विचारलं नाही. पहिला ढीग दुसरं कोणी तरी उचलायला लागलं.

त्यातच कळलं की भाऊजी रिटायर होणार आणि दोघं कायमचे ग्वाल्हेरला जाणार. सोसायटीचं कर्ज भाऊजींच्या पगारातून फिटून गेलं होतं, पण माझ्याकडून भाऊजींचं फिटायचं होतं. ते भोपाळ सोडून गेले की ते पैसे राहिले, असं मला वाटे. मनीऑर्डर करता येते हे मला माहीत होतं. पण माणूस समोर असताना फेडणं वेगळं. नाही तर मीही निघून गेलेल्यांपैकीच, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बंगल्यांवरून इस्त्रीचे कपडे आणायला लागले. दिवाळीआधी साहेबांच्या बायकांना चकल्या करून दिल्या. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांत नागपूरकडची मराठी घरं होती, तिथूनही चकल्यांची मागणी आली. काम जास्त झालं की बरं वाटे असं म्हणणार नाही. काहीच वाटत नसे, आणि ते तसं बरं होतं.

एका रविवारी पैसे द्यायला गेले तर वहिनी मागच्या अंगणात एकट्याच होत्या. सामानाची बांधाबांध चालली होती. रजईची मोठी खोळ त्या घडी करायला बघत होत्या. एक टोक हनुवटीखाली धरलेलं, दुसरं हातात, बाकीची दोन जमिनीवर लोळत होती.

मी रुमाल पायरीवर ठेवला आणि खाली लोळणारी दोन टोकं उचलली. विचार करून नाही, हातच गेले. मागे सरले, ताण दिला आणि सवयीने झटका मारला. वहिनींच्या हातून सगळी खोळ सुटून माझ्या अंगावर आली.

मी म्हणाले, "घट्ट धरा ना जी वहिनी! नवरा समजून सोडू नका!"

बोलून गेले आणि माझे कान तापले. असलं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात धरला, मग पायरीवर बसल्या. त्या हसताहेत की काय ते आधी कळेना, कारण आवाजच येत नव्हता. मग आला.

"अगं, कोणी शिकवलं तुला हे?"

"दवाखान्यातल्या खालाने."

"ती पाळण्यातली?"

मी मान हलवली. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "उठव मला. गुडघे गेले माझे." मी हात दिला. त्या उठल्या नाहीत, हात धरून तशाच बसल्या.

"त्या दिवशी तिकीट काढलं होतं आम्ही पण," त्या म्हणाल्या. "यांनी काढलं. माझा नंबर आला आणि मी घाबरून फिरले मागे. तिकीट फुकट गेलं. लहानपणापासून मला बसायचंय त्याच्यात. ग्वाल्हेरच्या मेळ्यात माझ्या सगळ्या बहिणी बसायच्या, मी खाली चपला सांभाळायची." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि वर तू. तू! जिला बोलता येत नाही."

मी मोकळ्या हाताने अंगावरची खोळ सावरली.

"वर गेल्यावर काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. क्वार्टरं दिसतात, सगळी सारखी. कडुलिंब दिसतात, वरून त्यांचा रंग वेगळाच असतो. आमचं घर ओळखू आलं नाही. वहिनी ऐकत होत्या. "आमचं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "तुमचंही नाही आलं." त्या म्हणाल्या, "बरं झालं, छपरावर यांचा फाटका बनियन वाळत असतो." मग आम्ही ती खोळ पुन्हा घेतली आणि नीट घडी केली. चालत एकमेकींकडे आलो, टोकं दिली-घेतली. त्यांचे हात गार होते, थंडीने साल निघालेले. घडी झाल्यावर त्यांनी चहा ठेवला. मी "उशीर होते" म्हणाले नाही. बसले नाही, पण उभ्याने प्यायले. चहात आलं खूप होतं, घशाला लागलं, ते मला कळलं.

सोमवारी यंत्र थांबलं तेव्हा मी त्याच्यासमोर होते. खालाने दुसरीला कोपराने बाजूला केलं फक्त.

यामुळे सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. घरी येऊन खोलीचं कुलूप काढलं की पहिल्यासारखंच असायचं. जेवण चवीचं आहे की नाही ते बरेच दिवस कळायचं नाही. हे परत आले नाहीत. दार वाजलं तर मला काही वाटतं का, ते मी स्वतःला विचारायची. पण पगाराच्या दिवशी वहिनींकडे गेले की त्या म्हणत, "काय खाल्लंस आज, खरं सांग." मी सांगायची. पेरू खाल्ला, तिखट-मीठ लावून. इकडे त्याला जाम म्हणतात. वहिनी म्हणत, "एकटीने? चांगलं आहे!" आणि ते बोलणं टोचायचं नाही. एकदा मी दोन नेले.

भाऊजींचा निरोप-समारंभ झाला. हार घालून त्यांना जीपमधून घरी आणलं. ट्रक दोन दिवसांनी येणार होता. मधल्या दिवशी मी गेले. चकल्यांचे पैसे आले होते, इस्त्रीचे होते, ठेकेदाराने अडवलेलाही पगार दिला होता. भिंतींवरचे फोटो काढलेले होते, तिथे फिके चौकोन राहिले होते. बसायला दोन खुर्च्या आणि एक बांधलेली ट्रंक. वहिनींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसल्या.

मी रुमाल भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूला ठेवायला हात नेला, पण तांदळाचा डबा बांधाबांधीत गेला होता. हात तसाच राहिला.

"मोजा," मी म्हणाले.

"अहो, मोजायचं काय त्यात..."

"मोजा ना जी. शेवटचे आहेत."

वहिनी म्हणाल्या, "मोजा हो. ती सांगतेय ना. न वाचता सह्या करता, न मोजता पैसे घेता, पुढे काय होतं ते बघितलं ना!"

भाऊजी हसले, चष्मा घातला, बोटाला थुंकी लावून एक एक नोट ट्रंकेच्या कडेवर ठेवत गेले. बाहेर दुपारचा भोंगा झाला. भाऊजींची मान आपोआप वर झाली, मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मी वाट बघत होते. शेवटची नोट ठेवली की छातीतून काही तरी उतरेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. उतरलं नाही. खुर्चीची वेताची विणलेली बैठक खालून टोचत होती एवढंच.

"बरोबर आहेत," भाऊजी म्हणाले. "सगळे फिटले, वहिनी. काही राहिलं नाही."